मोठं हिरवं बटण

३ मार्च

ताई,

मी बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं, आणि नोकरी अजून आहे. शेवटचं मुद्दाम लिहिलं. पाकीट फोडायच्या आधीच तू म्हणाली असशील, "भिंगरीनं ही पण सोडली वाटतं." नाही सोडली.

मी इथं नेमकं करतो काय, असं तू विचारलंस. फोनवर सांगायला गेलो तर फोन आप्पांच्या हातात, आणि तू लाँड्रीतून येईपर्यंत आमची सुट्टी संपलेली. बाकी आठवडाभर आमचे फोन फाटकावरच्या कपाटात कुलपात असतात. आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून. तेव्हा कागदच बरा. अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घे.

एक खोली आहे. थंडगार, पांढरी, बिनखिडकीची. मध्ये टेबल आणि टेबलाला घट्ट बसवलेला फोन. वरचा कॅमेरा बोटाकडे बघतो, समोरचा डोळ्यांकडे. एका भिंतीला काळी काच आणि काचेमागे साहेब. फोनवर एकेक चित्र येतं. कधी दुकानाचं, कधी बँकेचं, कधी हॉस्पिटलचं. मी मनाला येईल तिथं बोट ठेवायचं. झालं काम. आम्हाला इथं बोटवाले म्हणतात. हसू नकोस.

शिकलेला माणूस त्यांना चालत नाही. साहेब म्हणाले, "शिकलेला वाचत बसतो. तू बघतोस." सातवी नापास होणं जगात कुणाच्या कामी आलं असेल तर माझ्या. मी जितकं चटकन दाबीन तितके ते खूष. परवा एका चित्रात तळाला बारीक करड्या अक्षरात काहीतरी होतं म्हणे. साहेबांनी विचारलं, "खाली काय लिहिलंय?" मी म्हटलं, "कुठं खाली?" तर काचेमागून टाळ्या! मला वाटलं माझं चुकलं. पण नाही, मला त्या दिवशी सगळ्यांदेखत चहा पाजला.

म्हणजे तुला कळलं ना, हे कशासाठी? आप्पांसारख्या माणसाचं फोनवर अडू नये म्हणून. माझं बोट अडलं नाही की कुणाचंच अडणार नाही.

आप्पांचा दम कसा आहे? सगळी नोकरी लिफ्टमध्ये उभं राहून काढली आणि घर मिळालं चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. नशीब पण काय थट्टा करतं.

भिंगरी


१४ मार्च

भिंगरी,

बोटवाला! बाई बाई. लाँड्रीत मी सांगून बसलेय की माझा भाऊ फोनच्या कंपनीत तपासनीस आहे. आता ते तसंच राहू दे. तू इकडे आलास की जरा तपासनिसासारखा चाल.

आप्पांचं विचारलंस. फोनवर ते तुला "ठणठणीत" म्हणतात ना? खोटं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसतात. कुणी वरून आलं तर बुटाची नाडी बांधतोय असं दाखवतात. पायात चपला असतात. वर पोचले की ओठ निळे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाची झडप बदलायला हवी, आणि ती मे महिन्याच्या आत. "त्यापुढचं मी सांगू शकत नाही," म्हणाले. आप्पांना एवढं माहीत आहे की ऑपरेशन आहे. मे महिन्याचं माहीत नाही. माहीत व्हायलाही नको.

तर आता कामाचं. सरकारी खर्चातून ऑपरेशन होणार आहे आणि नंबर लागलाय! २८ एप्रिल. इतके महिने वाट बघून लागलाय. पण तारीख फोनवर आली. "आपली तारीख आली आहे, पक्की करा," असं. मार्च संपायच्या आत पक्की करायची. मी हॉस्पिटलच्या खिडकीवर गेले तर तिथला माणूस म्हणाला, इथं काही होत नाही, सगळं अ‍ॅपवर. मी अ‍ॅप उघडलं, बघितलं आणि बंद करून ठेवलं. त्यावर इतक्या गोष्टी आहेत. अरे, तापलेल्या इस्त्रीला मी थुंकी लावून बघते, पण या काचेला हात लावायचा तर बोट आपोआप मागे येतं. दाबलं आणि काही भलतंच झालं तर?

तुझं हेच काम आहे तर सांग, काय दाबू? लवकर लिही.

ताई


२२ मार्च

ताई,

तारीख लागली! पत्र वाचून मी जेवणाच्या खोलीत ओरडलोच. आमच्यातला आचारी आहे ना, जो आधी लग्नांची जेवणं करायचा आणि आता माझ्यासारखाच बोटवाला आहे, तो म्हणाला, "काय रे, लग्न ठरलं का?" म्हटलं, त्याहून मोठं.

आता घाबरणं बंद कर. तुझं बोट मागे येतं ते तू वाचायला जातेस म्हणून. सगळं वाचायचं नसतं ग. ही चित्रं कशी बनतात ते मी रोज बघतोय. आधी एक बटण इकडे ठेवतात, माझं बोट जरा थांबलं की तिकडे नेतात, मोठं करतात, रंग बदलतात. असं करत करत जिथं माझं बोट आपोआप जातं, तिथं कामाचं बटण येतं. म्हणून सोपा नियम लक्षात ठेव. शंका आली की मोठं, रंगीत दाबायचं. तेच बरोबर असतं. आम्हीच तपासून बसवलेलं असतं.

येत्या सुट्टीला आप्पांनाही फोनवर हेच सांगतो, म्हणजे तेही निर्धास्त होतील.

एक सांगू? घरात मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. "कुठं होतास" एवढं सोडून. तुझं "सांग, काय दाबू" चारदा वाचलं.

ऑपरेशनला मी येतो. रजा मागून ठेवतो.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरी,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. आप्पांची तारीख गेली.

मी चुकीचं दाबलं. कामावरून दमून आले होते, घाई केली. हिरवं मोठं बटण होतं, "चांगल्या सेवेसाठी पुढे चला" असं. ते दाबलं. मग फुलं उधळल्यासारखं काहीतरी झालं आणि "अभिनंदन" आलं. मला वाटलं, पक्की झाली. आम्ही चहा केला.

काल आधीच्या तपासण्यांचं विचारायला हॉस्पिटलला गेले तर त्यांच्याकडे २८ तारखेला आप्पांचं नावच नाही. खिडकीवरच्या माणसानं शोधून सांगितलं, "तुम्ही साधी तारीख सोडलीत. विशेष सेवेत गेलात." विशेष सेवा म्हणजे स्वतंत्र खोली, आवडीचा डॉक्टर, आणि सगळा खर्च आपला. तो आपल्याच्यानं व्हायचा नाही. मी म्हटलं, आम्हाला विशेष काही नको हो, जुनी तारीख द्या. तर ती त्याच दिवशी दुसऱ्याला गेली. आणि निदान रांगेत परत घ्या म्हटलं तर तेही अ‍ॅपवरूनच. अ‍ॅपवर मी रात्रंदिवस शोधतेय. पुढे जायला दहा दारं आहेत, मागे यायला एक नाही.

खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "रोज चार-पाच जण येतात असे. मला इथून काही करता येत नाही हो ताई."

आप्पांना मी सांगितलंय की डॉक्टर परगावी गेलेत, तारीख पुढे गेली. त्यांना खरं कळलं तर तिथंच बसतील. तू फोनवर चकार शब्द काढू नकोस. फोनवर तुझा आवाज जरी बदलला तरी त्यांना कळतं.

तुझ्या कंपनीत कुणाला विचारता येईल का?

ताई


१५ एप्रिल

ताई,

डोळे काय इस्त्रीच्या टेबलावर ठेवून आली होतीस? इतके महिने वाट बघितलेली तारीख, आणि घाई? घाई कसली? गाडी सुटत होती? जरा थांबून नीट बघायला काय झालं? मी इतकं समजावून लिहिलं होतं. आप्पांच्या जिवाचं काम आणि तू

१७ एप्रिल

वरचं तसंच सोडून उठलो होतो. खोडत नाही, कागद फाटेल. आज पुढचं लिहितो. वरचं वाचलंस तरी धरून बसू नकोस.

आमच्याकडे चित्रं काढणारी एक बाई आहे. कोणतं बटण कुठं, केवढं, ते ती आखते. आम्ही तिला रेघवाली म्हणतो. कमी बोलते, पण बोटवाल्यांना "अहो" म्हणणारी तेवढीच एक. काल जिन्यात तिला गाठलं आणि तू लिहिलेलं सगळं सांगितलं. हिरवं बटण, चांगली सेवा, फुलं. ती पायरीवर बसली. म्हणाली, "खाली करड्या अक्षरात काय होतं, ते तुमच्या बहिणीनं वाचलं नसेल."

म्हटलं, काय होतं?

"'आहे तीच तारीख ठेवा.'"

ताई, मला ज्यावर चहा पाजला ते हेच चित्र. मी "कुठं खाली?" म्हणालो ते हेच. टाळ्या कशाच्या होत्या ते आता कळलं. माझ्यासारख्याला ती ओळ दिसली नाही, म्हणजे चित्र तयार झालं. आम्ही वाट सोपी करत नव्हतो. माणूस कुठं बघत नाही ते हुडकत होतो, आणि जे लपवायचं ते नेमकं तिथं नेऊन ठेवत होतो.

रेघवालीनं आधी दुसरं चित्र काढलं होतं. वहीत दाखवलं. दोन चौकोन, सारखेच मोठे, सारखाच रंग. एकात "मिळालेली तारीख ठेवा". दुसऱ्यात "तारीख सोडा आणि विशेष सेवेत जा. खर्च तुमचा. सोडलेली तारीख परत मिळणार नाही." मी सावकाश वाचलं. मला कळलं, ताई. मला, सातवी नापासाला, एका दमात कळलं. ते चित्रही बोटवाल्यांवर चालवून बघितलं होतं म्हणे. जवळजवळ सगळ्यांनी तारीख ठेवली. साहेब म्हणाले, "मग हॉस्पिटल आपल्याला पैसे कशाचे देतंय?" आणि ते बाजूला टाकलं.

मी तिला म्हटलं, मग तुम्ही दुसरं काढून का दिलंत? ती म्हणाली, "मी नसतं काढलं तर दुसऱ्यानं काढलं असतं, असं मी स्वतःला सांगते." मग म्हणाली, "कागद आहे का? परत यायची वाट सांगते."

नीट बघ. सोबतच्या कागदावर एकेक चित्र काढून दिलंय. वर कोपऱ्यात माणसाचं डोकं आहे, ते दाब. अगदी तळाला जा, संपलं असं वाटेल, तरी आणखी ओढ. "इतर" येईल. त्यात "निवडी". त्यात करड्या अक्षरात "विशेष सेवा". मग तो तीनदा विचारेल. दुसऱ्या खेपेला बटणांच्या जागा उलट होतात, बोट सवयीनं नेऊ नकोस. तिसऱ्या खेपेला विचारेल, "रद्द करणे थांबवायचे का?" तिथं "नाही" दाबायचं. हो, नाहीच. डोकं फिरेल, पण नाही.

पोस्टानं जलद पाठवतोय. फोनवर सांगितलं असतं तर आप्पांनी ऐकलं असतं.

आणि एक विचारतो, खरं सांग. मोठं दाब असं मी लिहिलं होतं, म्हणून दाबलंस का?

भिंगरी


१९ एप्रिल

चिरंजीव भिंगरीस तुझ्या बापाकडून भरपूर आशीर्वाद, आणि एक तक्रार.

तक्रार अशी की तुमच्या दोघांची पत्रं चालतात आणि मला कुणी वाचून दाखवत नाही. ताई पत्र आलं की घडी घालून पदराखाली. मी काय परका आहे? तेव्हा आज ती कामावर गेल्यावर मी स्वतःच लिहायला बसलोय. शेजारच्या पोस्टमनकडे देतो.

माझी तब्येत छान आहे. डॉक्टर परगावी गेलेत, आले की उरकून टाकतील. ताई मात्र हल्ली फार गप्प असते. फोन घेऊन नुसती वर-खाली करत बसते. मी म्हटलं, अग, काय शोधतेस? तर डोळे पुसते. तुझ्या लग्नाचं मनावर घेतलंय की काय तिनं?

खरं तर तुला शाबासकी द्यायला लिहितोय. तुझं ते फोनवरचं सांगणं फार कामी आलं बघ. तारीख पक्की करायची होती तेव्हा ताई अर्धा तास नुसती बघत बसली. बोट काचेजवळ न्यायचं, मागे घ्यायचं. "आप्पा, खाली काहीतरी बारीक लिहिलंय, थांबा, वाचते," म्हणाली. मी म्हटलं, सर बाजूला. तीस वर्षं मी बटणंच दाबली. चौथा म्हटलं की चौथा, सातवा म्हटलं की सातवा. माणूस कधी चुकीच्या मजल्यावर उतरवला नाही. आणि हे बटण तर माझ्या पोराचं. तू फोनवर सांगितलं होतंस ना, आप्पा, डोळे मिटून मोठं दाबा, आम्हीच बसवलंय. दाबलं! फुलं काय पडली, वा! ती बारीक ओळ मलाही दिसली नाही, चष्मा लावूनसुद्धा. म्हटलं, महत्त्वाचं असतं तर पोरानं मोठं लिहिलं नसतं का?

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना सांगितलं, बटण आमच्या मुलाचं आहे. त्यांचा मुलगा नुसता इंजिनिअर आहे.

एका जागी टिकलास, बरं वाटलं. भिंगरी जमिनीला टेकली म्हणायची. आता ही नोकरी सोडू नकोस.

आप्पा


२९ एप्रिल

ताई,

आप्पांचं पत्र आलं.

तू दाबलं नव्हतंस. तू वाचत होतीस. ती ओळ तुला दिसली होती, तू "थांबा" म्हणाली होतीस. आणि मी तुला डोळे कुठे ठेवलेस म्हणून लिहिलं, ते तू वाचलं असशील.

का घेतलंस अंगावर?

काल २८ होती. दिवसभर मी त्या खोलीत बसलो आणि माझं बोट कशावरच जाईना. साहेब म्हणाले, "आज काय झालंय? पटपट." मी नुसतं दाबत राहिलो, न बघता.

वाट सापडली का? कागद पोचला का? आप्पांच्या पत्राला उत्तर लिहायला बसलो, "ती. आप्पांस" एवढं लिहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. रजा देत नाहीत. रजा न घेताच येतोय. हे पत्र माझ्याआधी पोचेल बहुतेक.

भिंगरी


४ जून

भिंगरी,

तू इथं होतास तेवढे दिवस आपण एका खोलीत राहून कामापुरतंच बोललो. भांडी कुठे, चावी कुठे, माणसं किती. म्हणून आता लिहितेय. आपल्याला बहुतेक कागदावरच बोलता येतं.

तू फिरून त्याच नोकरीवर जाशील असं वाटलं नव्हतं. मला वाटलं, सगळ्या सोडल्यास तशी ही पण सोडशील. "मला तिथं एक बोलायचंय," एवढंच म्हणालास आणि गेलास. काय ते बोल, पण जपून.

का अंगावर घेतलं, ते तू परत विचारलं नाहीस, तरी सांगते. तू लिहिलं होतंस ना, घरात तुला पहिल्यांदा कुणी काही विचारलं म्हणून. ते तुझ्यापाशी राहू द्यावं असं वाटलं. आप्पांनी पत्र लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं. माझी चोरी बापानंच पोस्टात टाकली.

तुझ्या कागदाप्रमाणे सगळं झालं होतं. तिसऱ्या खेपेला "नाही" दोनदा वाचलं, मग दाबलं. रांगेत परत घेतलं आणि नवी तारीख दिली. सप्टेंबर. मी आप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "चालेल की. तोवर उकाडाही कमी होईल." मग चार मे उजाडला. तू ज्या गाडीत होतास ती रेंगाळली नसती तर भेट झाली असती, पण ते तू मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी बोलायच्या स्थितीत ते नव्हतेच. त्याच्या आदल्या दिवशी मात्र हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, तो फोन माझ्या मुलाच्या कंपनीचा. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. एवढं एक मी राखलं.

आता जे तुला सांगायचं राहिलं ते. आप्पांच्या फोनवर रोज निरोप येतात. "आप्पा, तुम्ही बरेच दिवस आला नाहीत." "आप्पा, तुमचं हृदय तुमची वाट बघतंय." खरंच, असंच. शेजारी लाल घंटा. पहिल्या दिवशी मी फोन भिंतीवर आपटणार होते. मग ठरवलं, नाव काढून टाकू. तुझ्या कागदानं इतकी शहाणी झालेय की काढायची जागा माझी मीच शोधली. तर तिथं विचारतात, "का जात आहात? कारण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही." खाली कारणं. "सेवा आवडली नाही." "फार निरोप येतात." "दुसरीकडे जात आहे." "सध्या गरज नाही." माणूस गेला, असं कारणच नाही, रे. मी पुन्हा पुन्हा वर-खाली केलं. मग "दुसरीकडे जात आहे" वर बोट ठेवलं. तर लगेच, "तुमचा निर्णय बदलेल अशी आशा आहे. तीस दिवस तुमची जागा राखून ठेवत आहोत."

मी हसले. लाँड्रीतल्या बायकांना सांगितलं, त्याही हसल्या, आणि मग सगळ्याजणी आपापल्या इस्त्रीकडे वळल्या.

कामावरून सुटल्यावर मी हॉस्पिटलच्या दारातल्या बाकावर बसते. तुझा कागद बरोबर असतो. फोन घेऊन गोंधळलेलं माणूस लांबून ओळखू येतं. मी विचारते, तारीख पक्की करायची का? मग म्हणते, मोठं दाबू नका, खाली बघा. सगळ्यात खाली. काही जण ऐकतात. एक म्हातारी म्हणाली, "तू कोण ग? हॉस्पिटलची?" म्हटलं, नाही, लाँड्रीतली. तिनं फोन पदरात लपवला. खिडकीवरचा माणूस बघतो आणि बघितलं नाही असं करतो. त्या रेघवाल्या बाईंना सांग, तुमची वाट इथं चालते आहे.

ताई


२६ जून

ताई,

बोललो. आणि बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं झालं.

आल्यावर साहेब रागावले नाहीत. म्हणाले, वडील गेल्याचं ऐकलं, बस, काम कर. मी बसलो. पहिलंच चित्र हॉस्पिटलचं आलं, तेच. मी उठून काळ्या काचेसमोर उभा राहिलो. पलीकडे कोण होतं दिसत नव्हतं, नुसता मीच दिसत होतो. मी म्हटलं, "हे बटण माझ्या बापानं दाबलं. त्यांना तुमचं विशेष काही नको होतं. साधी तारीख हवी होती. माझ्या वडिलांना साधं पुरेसं होतं! तुम्ही ती ओळ लपवलीत, आणि मी तुम्हाला लपवायला जागा दाखवली." आणखी बरंच बोललो. काही शिव्या होत्या, त्या तुला लिहीत नाही. कुणी अडवलं नाही. थांबलो तेव्हा आतून साहेबांचा आवाज आला, शांत. "थँक्यू. खूप उपयोगी आहे. आणखी काही वाटतं का?"

मला वाटलं, पोचलं. खरंच वाटलं, ताई. आचाऱ्याला सांगितलं, ऐकून घेतलं त्यांनी. तो म्हणाला, "ऐकतात तर ते रोजच. त्यासाठीच तर कॅमेरे लावलेत."

चार-पाच दिवसांनी पुन्हा बसवलं. चित्र बदललं होतं. हिरवं बटण तेवढंच मोठं, पण आता त्यावर लिहिलंय, "माझ्या वडिलांना उत्तम उपचार हवेत." आणि खालची करडी ओळ आता लपवलेली नाही. चांगली दिसते. ठळक आहे. तिथं लिहिलंय, "नको. माझ्या वडिलांना साधं पुरेसं आहे."

माझंच वाक्य. मी ओरडलो तेच. कोणता मुलगा त्यावर बोट ठेवील, ताई? कुणाचा हात होईल?

मी ठेवलं. साहेब म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. मी पुन्हा खालचंच दाबलं. दुसरं चित्र आलं, बँकेचं. मी तळापर्यंत गेलो, बारीक ओळ हुडकली, मोठ्यानं वाचली. अडखळत, पण पूर्ण. तिसरं, तसंच. आतला एक जण म्हणाला, "याचे आकडे आता कामाचे नाहीत." मग साहेब बाहेर आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझं बोट बिघडलं रे. तू वाचायला लागलास." कागदावर सही घेतली. सही करायच्या आधी मी तोही कागद सगळा वाचला. ते घड्याळ बघत उभे होते.

रेघवाली नाही आता. माझ्या बोलण्याचं चित्र काढायला तिलाच सांगितलं होतं. ती म्हणे पेन्सिल टेबलावर ठेवून पर्स घेऊन निघून गेली. चित्र दुसऱ्यानं काढलं. तुझा निरोप तिला द्यायचा राहिला.

जाताना साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडचा आणखी कुणी आहे का? तुझ्यासारखा, फार न शिकलेला?" म्हटलं, नाही. आमच्याकडे सगळे शिकलेले आहेत.

फाटकावर माझा फोन मिळायला वेळ होता, म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी एक माणूस होता, आप्पांपेक्षा थोडा लहान. नवा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. आत बोलावण्याची वाट बघत होता. मला म्हणाला, "तुम्ही आतले ना? काय करायचं असतं हो? मला भीती वाटते चुकायची."

मी म्हटलं, "दादा, एकच करा. बोट लावायच्या आधी वाचा. बारीक असेल तरी वाचा. सगळं, सावकाश."

तो हसला. लाजून हसला, मोकळेपणानं. "काय चेष्टा करता राव," म्हणाला. "वाचता आलं असतं तर मला घेतलं असतं का?"

मग दार उघडलं आणि त्याला आत बोलावलं.

भिंगरी